निम्मं रडणं

सोळा तारीख, गुरुवार, सकाळी साडेदहा. देणं: निम्मं रडणं. हजर: मी आणि समोरच्या घरातल्या शैलाकाकू. माझी बायको सुनंदा शेवटी आली.

आत्ती, हे ऐकून तू हसली असतीस. "तलाठ्या, रडण्याचीबी नोंद करतूस व्हय रं," असं म्हणाली असतीस. करतो. आज रविवार. तू जाऊन अठरावा दिवस. रविवारी सकाळी मी पेपरची पुरवणी मोठ्यानं वाचायची आणि तू सुपात ज्वारी घेऊन निवडत बसायचं, ही आपली पद्धत. पुरवणी घडी न मोडता टेबलावर पडलीय. म्हणून मी वही घेऊन बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं हे मी लिहिताना तोंडानं म्हणतोही आहे. सुनंदा स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली.

मला तू तलाठी म्हणायचीस ते मी सगळं लिहून ठेवतो म्हणून. खरं तर मी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, मधला फरक म्हणजे माल. हे काम तुला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तू म्हणालीस, "मंजी माल कुणी बघतच न्हाय. नुसता फरक बघत्यात." अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पण एवढ्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तू माझ्या जन्माच्या वर्षीच नवरा गेला म्हणून सांगोल्याकडच्या त्या मेंढरांच्या घरातून भावाच्या घरी परत आली होतीस. तुला मूल नव्हतं. मला आई नव्हती. कुणी काही ठरवलं नाही, तू भाकरी केलीस आणि मी खाल्ली. पुढं शिकलो, सोलापूरला नोकरी लागली, सात रस्त्याच्या मागं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं आणि दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, आणि तुला घेऊन आलो. या सगळ्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोललो नाही. आपल्यात तशी रीत नव्हती, असं मी म्हणू शकतो. पण रीत नव्हती हे कारण झालं, समर्थन नव्हे.

गावात कुणी गेलं की आधी तुला बोलावणं यायचं. तुझ्यासारखं रडणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. मी लहानपणी तुझं बोट धरून अशा घरी गेलो आहे, म्हणून मला ठाऊक आहे. तू घरच्या बाईच्या गळ्यात पडायचीस आणि हेल काढायचीस, पण त्या हेलात नुसतं 'कुटं गेलासा' नसायचं. गेलेल्या माणसाचं एकेक सांगत रडायचीस, आणि जे सांगायचीस ते खरं असायचं. एकदा गावातला एक भांडखोर म्हातारा गेला. त्याच्याबद्दल चांगलं काय सांगणार, म्हणून बाया गप्प होत्या. तू सुरुवात केलीस, "बांधासाटी भांडणारा माझा आण्णा, आता बांधावर उबं कुणी ऱ्हावं." ज्या भाऊबंदाशी त्याचं वीस वर्षं भांडण होतं, तो बाहेर लिंबाखाली बसला होता. तोच सगळ्यात आधी रडायला लागला.

घरी येताना मी विचारलं होतं, "आत्ती, तो भांडायचा हे कशाला सांगितलंस?" तू म्हणालीस, "रडताना खोटं सांगितलं तर मेलेल्या माणसाला वळखू येत न्हाय, ह्या बाया कुणासाटी रडत्यात ते."

आणि दुसरा तुझा नियम, ज्याच्यामुळं हे सगळं लिहावं लागतंय. रडणं हे उसनं असतं. वाटीभर साखर नेली तर वाटीभर परत करायची, तसं. ज्या घरची बाई आपल्या दारात येऊन रडली, तिच्या दारात आपण जाऊन रडायचं. जास्त नाही, कमी नाही. ते फेडल्याशिवाय जायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी दादा गेले. या बिल्डिंगमधली सगळी माणसं येऊन हात जोडून गेली. चांगली माणसं आहेत, मी तक्रार करत नाही. तुझा भाऊ गेला होता आणि तू जिन्यात एकटी बसली होतीस, कारण आत पुरुषमंडळी होती. शैलाकाकू घरातून बाहेर आल्या. त्या शिकलेल्या, शाळेत शिक्षिका होत्या, त्यांच्या घरात मोठ्यानं कुणी बोलतही नाही. त्या पायरीवर तुझ्याशेजारी बसल्या, तू त्यांच्या गळ्यात पडलीस आणि त्याही रडल्या. हुंदका बाहेर येऊ न देता, पण पूर्ण रडल्या. तू नंतर सुनंदाला सांगितलंस, "शैलाचं माझ्याकडं हाय."

मग दीड वर्षापूर्वी काकूंचे यजमान वसंतकाका गेले, सकाळी, बाथरूममध्ये, अचानक. हॉलमध्ये त्यांना ठेवलं होतं. मुलगा पुण्याहून आला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या होत्या, कुणाच्या तरी मोबाइलवर बारीक आवाजात मंत्र चालू होता, आणि माणसं अशी बसली होती जणू परीक्षा चालू आहे. तू आत आलीस, चपला नीट कडेला लावल्यास, काकूंच्या गळ्यात हात घातलास आणि हेल काढलास, "दोनदा दार वाजवणारा माझा वसंता, आता पानी आल्यालं कुणी..."

मुलानं माझ्याकडं पाहिलं. खुर्चीवरच्या दोघा-तिघांनी पाहिलं. मला लाज वाटली, आत्ती. मी उठलो, तुझा दंड धरला आणि म्हणालो, "आत्ती, पुरे. इथं असं नसतं."

तू तिथल्या तिथं थांबलीस. ओळ अर्धीच राहिली. काकूंचा हात तुझ्या पाठीवर अर्धा वर आला होता, तो त्यांनी खाली घेतला.

बाहेर जिन्यात तू विचारलंस, "हितं कसं असतंय?"

"शांत असतं."

"शांत तर मेल्यालं माणूस असतंय की. जित्त्यांनी कशाला?"

 तू पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "निम्मं फेडलंय म्या. निम्मं आता तुझ्याकडं."

"रडणं निम्मं कसं होईल?"

"मधीच धरलं की हुतंय."

यावर आपला वाद दीड वर्ष चालला. मी म्हणायचो, रडणं मोजता येत नाही, त्यामुळं त्याचं निम्मंही काढता येत नाही. जे तोलता येत नाही त्याचा अर्धा भाग म्हणजे काय, हे मला सांग. तू म्हणायचीस, "तुला भाकरी न तोलता निम्मी करून देत हुते तवा बरं खात हुतास." मी म्हणायचो, मग तूच जाऊन पुरं कर, समोर तर घर आहे, अकरा पावलं. तू म्हणायचीस, "माझा दंड तू धरलास. आता ते माझं न्हाय, तुझं हाय." मीठ मागितलं तरी ऐकावं लागायचं: "घे मीठ. आन निम्मं लक्षात हाय न्हवं?" सुनंदा हसायची. मीही हसायचो. ही आपली घरातली गंमत आहे असं मी धरून चाललो होतो.

याच काळात आपलं म्हातारपणावर बोलणं सुरू झालं. तू शैलाकाकूंना जिना चढताना पाहायचीस. काका होते तेव्हा काकू तीन मजले एका दमात चढत. आता दोनदा थांबतात. केस काळे करायचं सोडलं. "दीड वर्सात चारदातीची पार झिजली बघ," असं तू म्हणालीस. मेंढराचं वय तुम्ही दातावरून सांगता: दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि मग झिजलेली. जन्माची तारीख कुणी विचारत नाही. मला ही पद्धत ढोबळ वाटायची. म्हणून मी पुरवणीतले, पुस्तकातले शास्त्रज्ञांचे विचार तुला वाचून दाखवायला लागलो. माणूस म्हातारा का होतो, याचं एक उत्तर त्यांच्याकडंही नाही, हे मी आधीच कबूल केलं होतं.

काहींचं मत, शरीर यंत्रासारखं वापरून झिजतं. तू म्हणालीस, "लोकर कातरायची कातर झिजली की दगडावर घासून परत लावत हुतो. मानसाला दगूड कुटला?" काहींचं मत, ज्या हवेवर आपण जगतो तीच आतून आपल्याला गंजवते. "मग स्वास घ्यायचा बंद करावा व्हय? लई शाणी हायती." काहींचं मत, शरीरातल्या पेशी ठरावीक वेळाच नव्या होतात, मग थांबतात. हे तुला पटलं नाही, पण आवडलं. "ह्यो मानूस तुझ्यासारखा हाय, मोजणारा."

मग एका रविवारी मी असं वाचलं, की पोरं जन्माला घालून मोठी होईपर्यंतच निसर्ग शरीराची काळजी घेतो, त्यानंतर त्याला गरज उरत नाही. तुझा हात सुपात थांबला.

"मला पोर न्हाय," तू म्हणालीस. "मंजी माझी काळजी त्यानं कवाच सोडली आसंल की."

मी पान उलटलं आणि हवामानाचा अंदाज वाचला. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. काय ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

तुझं स्वतःचं मत ठाम होतं. वय दिवसांनी होत नाही. ज्याचं रडायचं राहिलं, तो म्हातारा. मघाशी विचारलेला दगड म्हणजे रडणं, असंही तू एकदा मध्येच सांगून टाकलंस. मी आक्षेप घेतला, "मग लहान मुलं रोज रडतात म्हणून ती लहान असतात का?"

"मग? बघितलंयस का कवा म्हातारं पोर?"

"आणि तू? तू तर गावभर रडलीस. तू का म्हातारी झालीस?"

"दुसऱ्याचं रडले. माझं न्हाय."

"रडणारी माणसंसुद्धा मरतातच ना शेवटी."

"मरत्यात की. मरत न्हाईत असं मी कुटं म्हणलं?"

एका काकूंवरून काही सिद्ध होत नाही, असं मी तुला सांगितलं. गुडघे असतील, साखर असेल, एकटेपणी जेवण कमी झालं असेल. आजही माझं तेच म्हणणं आहे. पण तुझ्या म्हणण्यात एक गोष्ट होती जी माझ्या वाचनात कुठंच नव्हती. म्हातारपण आणि दुःख या दोन वेगळ्या बाबी म्हणून मी वाचत होतो. तू त्या एकाच सुपात निवडत होतीस.

दवाखान्यात तुला भरती करताना काउंटरवरच्या मुलीनं वय विचारलं. मी म्हणालो, आधारकार्डावर एकाहत्तर आहे, माझ्या हिशेबानं शहात्तर. कुठलं लिहू, असं तिनं विचारलं. छातीत कफ भरला होता, बोलताना धाप लागत होती, तरी तू तोंड उघडून दात दाखवत तिला म्हणालीस, "बघा की." ती घाबरली. मला वाटलं, तू बरी होऊन घरी येणार.

नऊ दिवस. सहाव्या दिवशी, तू झोपली होतीस तेव्हा, मी बाकावर बसून मोबाइलवर एक लेख वाचला. त्यात म्हटलं होतं, मेंढी म्हातारपणापर्यंत वीत राहते, बहुतेक जनावरांचं तसंच असतं. पण बाई पोरं व्हायची थांबल्यावरही पुढं कितीतरी वर्षं जगते, असं का, हा प्रश्न आहे. एक मत असं, की ज्या घरात अशी वयस्क बाई होती, जी आपल्या किंवा भावाबहिणीच्या पोरांना खाऊ घालत होती, त्या घरातली पोरं जास्त वाचली. म्हणजे बाईचं म्हातारपण ही निसर्गानं सोडून दिलेली काळजी नव्हे, मुद्दाम राखून ठेवलेली माणसं आहेत ती. सगळ्यांना हे मान्य नाही, तेही लेखात होतं. पण मी तो लेख दोनदा वाचला. भावाचं पोर म्हणजे मी. वाचलेलं पोर म्हणजे मी.

रविवारी वाचून दाखवू, असं मी ठरवलं. वाचनाचा दिवस रविवार, म्हणून. तू त्याआधीच्या गुरुवारी गेलीस. आदल्या दिवशी मी उशी सरळ करत होतो तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, "तलाठ्या, निम्मं." मी "हो हो" म्हणालो. ते तुला गप्प करण्यासाठी होतं. कबूल करतो.

त्यानंतर मी एकदाही रडलो नाही. दाखल्याचा फॉर्म भरला, वयाच्या रकान्यात एकाहत्तर लिहिलं, कारण कागद कागदाशी जुळावा लागतो. दुःखाबद्दलही मी वाचलं. दुःख पायऱ्यापायऱ्यांनी जातं असं एक मत आहे: आधी माणूस नाकारतो, मग रागावतो, मग असं पुढं. मी तारखा मांडून पाहिल्या. नाकारण्याची तारीख सापडली नाही. ज्यानं दाखल्याचा फॉर्म भरला तो नाकारणार काय? दुसरं मत, दुःख लहान होत नाही, त्याच्याभोवती आयुष्य वाढत जातं. तेही असेल. पण या सगळ्या मतांमध्ये माणूस एकटा बसलेला आहे आणि दुःख त्याच्या आत चाललं आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन करायची ती गोष्ट आहे, हे कुणी लिहिलेलं नाही. निदान माझ्या वाचनात आलं नाही.

दहाव्याला गावाहून जीपमधून सहा बायका आल्या. तिघी दारात रडल्या. मी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल: चार मिनिटं. त्यांचा दोष नाही. तुझ्या बरोबरीच्या, ज्यांचं तू फेडलंस आणि ज्यांनी तुझं फेडायचं होतं, त्या बहुतेक तुझ्याआधी गेल्या. राहिलेल्या दोघींना जिना चढवत नाही. या पोरींना हेल येत नाही. एकजण "आत्तीबाई लई चांगल्या हुत्या" एवढंच तीनदा म्हणाली. ते ऐकून तुला ओळखू आलं असतं का, कुणाबद्दल बोलतायत ते? मला तरी आलं नाही.

तेराव्याला मंडळींनी टॉवेल-टोपी दिली, तोंड गोड केलं, दुखवटा संपला असं सांगून गेली. त्या दुपारी मी सुनंदाला म्हणालो, "मी काकूंकडं जाणार आहे. निम्मं फेडायला."

ती ताटं पुसत होती. "पुरुष माणूस कुणाकडं रडायला जातो का? स्मशानात गेलात तेवढं पुष्कळ आहे."

"पुरुष उसनं घेतो का? घेतो. मग फेडायलाही गेलं पाहिजे."

"आणि दीड वर्षांनी? काकू कशा सावरल्यायत. सगळे म्हणतात किती धीराच्या आहेत. ती खपली तुम्ही काढणार?"

हा मुद्दा बरोबर होता. मी दोन दिवस विचार केला. "आधी विचारेन," मी म्हणालो. "नको म्हणाल्या तर चहा पिऊन परत येईन. पण जाणार."

"तुम्हाला रडता येतं का?" तिनं विचारलं. "मी तर लग्नापासून पाहिलं नाही."

"जाऊन बघतो."

तर गुरुवार. तुझा वार. साडेदहा. मी अकरा पावलं गेलो आणि दारावर टकटक केलं. बेलचं बटण दीड वर्षापासून बिघडलं आहे. मी दोनदा वाजवलं. मुद्दाम नाही, आत्ती, खरंच मुद्दाम नाही, हात तसा गेला. पण या बिल्डिंगमध्ये दोनदा दार फक्त वसंतकाका वाजवायचे.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. काकूंनी दार इतक्या झटकन उघडलं की कडी आधीच काढून बसल्या होत्या असं वाटावं. मला पाहून चेहरा उतरला. "तुम्ही होय."

"हो."

"पाणी आलं का?"

"पाणी उद्या आहे."

त्यांनी आत बोलावलं. मी खुर्चीच्या कडेला बसलो आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "काकू, आत्तीकडं तुमचं रडणं उसनं होतं. तिनं निम्मं फेडलं. निम्मं माझ्यामुळं राहिलं, मी तिचा दंड धरला. तुमची परवानगी असेल तर ते पुरं करावं म्हणून आलो आहे. नको असेल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?"

"माहीत नाही. हेल मला येत नाही."

"मलाही नाही येत," काकू म्हणाल्या.  "चहा करू?"

"नंतर," मी म्हणालो. आणि मला तुझा पहिला नियम आठवला. खोटं सांगायचं नाही. खरं एकेक सांगायचं. मला खरं एकाच पद्धतीनं सांगता येतं.

"काका दोनदाच दार वाजवायचे," मी म्हणालो. "तिसऱ्यांदा कधी नाही. आपल्याकडं पाणी सरासरी चौथ्या दिवशी येतं. म्हणजे वर्षातून एक्याण्णव वेळा. ते गेले तोवर आपल्याला इथं अकरा वर्षं झाली होती. म्हणजे एक हजार एक वेळा. त्यांचं घर सोडून अकरा दारं. प्रत्येक दारावर दोनदा. बावीस हजार..." मी आकडा बोटांवर परत जुळवला. "बावीस हजार बावीस वेळा त्यांनी आमची दारं वाजवली काकू, पाणी आलं सांगायला. आता ग्रुपवर मेसेज येतो. मला तो दिसतच नाही. दोनदा आमची टाकी रिकामी राहिली."

काकूंच्या तोंडातून हसण्यासारखा आवाज आला. "बावीस हजार बावीस?"

"गावाला गेलेले दिवस वजा करायला लागतील."

"कुठं गेले ते गावाला? मी गेले तरी हे इथंच. पाणी आलं तर लोकांना कोण सांगणार म्हणून." त्या साडीच्या काठाशी खेळत होत्या. "दोनदाच का वाजवायचे ठाऊक आहे ना?"

"डबल बेल."

काका एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होते. डबल बेल म्हणजे गाडी सोडा.

"मी म्हणायची, अहो, ही बिल्डिंग आहे, बस नव्हे. तर म्हणायचे, पाणी सुटलं म्हणजे गाडी सुटलीच की."  मग आवाज न बदलता म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांनी एकदाच वाजवलं."

मला आधी कळलं नाही.

"बाथरूमचं दार. आतून. एकदा. मी कणीक मळत होते. आमच्या घरात एक बेल म्हणजे थांबा. लग्नापासून. मला वाटलं, आतून सांगतायत, थांब, येतो. म्हणून मी थांबले." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कणीक मळून होईपर्यंत थांबले. हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी आत्तींनी गळ्यात हात घातला तेव्हा सांगणार होते. त्यांना सांगता आलं असतं."

किती वेळ थांबलात, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. आत्ती, तो मी विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा आकडा मला नको होता. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसलो, जी दीड वर्षापूर्वी मी तोडली होती, आणि ती जशी येईल तशी पुरी केली. "दोनदा दार वाजवणारे काका, आता पाणी आलेलं कुणी सांगावं." हेल नव्हता. माझा आवाज मधूनच फाटत होता, काट्यावर जुना ट्रक चढतो तसा. पण मी रडलो. काकू खुर्चीवरून खाली फरशीवर बसल्या आणि मोठ्यानं रडल्या, हुंदका न दाबता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाकीच्या दोन्ही घरांना ऐकू गेलं असणार.

त्यातलं काकांसाठी किती आणि तुझ्यासाठी किती, ते मला वेगळं काढता आलं नाही. भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं एकाच वेळी काट्यावर होती. फरक निघाला नाही. या वेळी मालच समोर होता.

आवाज ऐकून सुनंदा ओल्या हातांनीच आली. तिनं मला तसं पाहिलं आणि ती काकूंशेजारी बसली. पंधरा-वीस मिनिटांनी काकूंनी पदरानं तोंड पुसलं, डोळ्यावर पाणी मारलं आणि मी चहाची आठवण करणार तेवढ्यात म्हणाल्या, "थांबा. आत्तींचं आता माझ्याकडं आहे ना?"

"तुमचं काही नाही काकू. तुमचं तुम्ही आधीच..."

"तो दादांचा हिशेब. आत्तींचा वेगळा. मी दहाव्याला नुसते हात जोडून गेले." त्यांनी चपला घातल्या. "चला."

त्यांनी आमच्या घरात येऊन तुझी जागा विचारली नाही, त्यांना माहीत होती. खिडकीखाली. तुझं सूप तिथंच आहे, दवाखान्यात नेलं त्या दिवशी होतं तसं: निम्मी ज्वारी निवडलेली, निम्मी तशीच. सुनंदानं ते उचललेलं नाही, मीही नाही. काकू सुपासमोर बसल्या. आधी थोडे खडे बाजूला काढले. मग सुनंदाच्या गळ्यात हात घालून म्हणाल्या, "आत्ती, तुमच्या हाताला लसणाचा वास होता, आणि माझ्या पाठीवर तेवढाच एक हात होता." एवढंच. त्यावर त्या आणि सुनंदा किती वेळ रडल्या ते मी मोजलं नाही. मी तो लेख काढला आणि, रविवार नसताना, भावाच्या पोरांना जगवणाऱ्या बायकांचा तेवढा भाग सुपाकडं बघून मोठ्यानं वाचला.

तुला ओळखू आलं असेल, कुणासाठी रडत होत्या ते. लसणाचा वास मी नोंदलाही नव्हता, पण तो बरोबर आहे.

काकू अजून दोनदा थांबूनच जिना चढतात. तुझं मत सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण शुक्रवारी पाणी आलं तेव्हा मी खाली जाऊन अकरा दारं वाजवली, दोन-दोनदा. काकूंचं शेवटी. ते पुढंही वाजवेन.

दिलं: निम्मं रडणं, दीड वर्ष उशिरानं, शैलाकाकूंना. आणि त्यांच्या हातून एक, पुरं, तुला. मधे कुणी धरलं नाही.